चुंबकानं धरलेलं दार

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली जात. पहिल्या मजल्यावर लांबलचक हॉल, त्यात साठेक मशीन आणि मशीनवर बसलेल्या साठेक बायका. हॉलला दोन दारं होती. पुढच्या दारानं बाहेर पडलं की बोळ लागायचा आणि बोळाच्या कडेला फोमचं गोदाम, पार छताला टेकेपर्यंत रचलेलं. मागचं दार लोखंडी जिन्यावर उघडायचं. जिना उतरला की मोकळं आवार.

तनुजा दोन दिवसांपासून बोळातल्या दारांवर काम करत होती. ही दारं जाड, आग अडवणारी. पण दिवसभर मालाची ने-आण चालायची, म्हणून लोक त्यांना विटा लावून उघडी ठेवत. तनुजानं विटा उचलून फेकल्या आणि भिंतीवर चुंबकी होल्डर बसवले. वीज आहे तोवर चुंबक दाराला उघडं धरून ठेवणार. फायर अलार्म वाजला की पॅनल वीज तोडणार, चुंबक दार सोडणार, दार आपसूक मिटणार आणि धूर बोळातच अडून राहणार. मागच्या दाराचं गणित बरोबर उलटं. तिथं चौकटीच्या वरच्या अंगाला चुंबकी कुलूप होतं. ते दार बंद धरायचं आणि साहेब लोकांनी कार्ड दाखवलं तरच सोडायचं. अलार्म वाजल्यावर मात्र त्यानंही सोडलंच पाहिजे, म्हणजे माणसं बाहेर पडतील.

"एक चुंबक धुरासाठी, एक माणसांसाठी. दोन्ही सुटली पाहिजेत," असं ज्ञानदेवकाका शिकवायचे.

ज्ञानदेवकाका म्हणजे तनुजाचे उस्ताद. औशाहून आयटीआय करून ती पिंपरीत आली तेव्हा पोरीला शिडीवर चढवायला कुणी तयार नव्हतं. काकांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात पक्कड दिली आणि म्हणाले, "चढ. पडलीस तर मी आहे खाली." सहा वर्षं ती त्यांच्या हाताखाली शिकली. सहा महिन्यांपूर्वी काकांचे हात थरथरायला लागले. तेव्हा त्यांनी कासारवाडीचं दुकान, हत्यारं आणि गिऱ्हाइकं सगळं तिच्या हवाली केलं. ही कंपनीही त्यांचीच जुनी गिऱ्हाईक, पण इथल्या कामाला ते कायम एकटेच येत.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी तिनं चाचणी ठेवली. कंपनीचा कारभार बघणाऱ्या हिंदुरावांना तशी कल्पना दिली, हॉलमधल्या बायकांना सांगून ठेवलं, की भोंगा वाजला की मशीन बंद करा आणि मागच्या दारानं खाली या. वॉचमनला पॅनलपाशी उभं केलं आणि स्वतः जिना चढून मागच्या दाराबाहेर जाऊन थांबली.

भोंगा वाजला. आत बोळातली दारं धप्पकन मिटल्याचं तिला जाणवलं. काम चोख झालं होतं. दाराच्या काचेतून तिला बायका उठताना दिसल्या. रांग दारापाशी आली. पुढच्या बाईनं दार ढकललं.

दार हललं नाही.

बाईनं शेजारच्या भिंतीवरची हिरवी डबी दाबली. अडीअडचणीला दाबली की दार सुटावं, अशी ती डबी. तरी काही नाही. मागून रांग रेटत होती. पुढच्या बाईचा तळवा काचेवर दाबला गेला आणि पांढरा पडत गेला. तनुजानं बाहेरून दांडा धरला, जिन्याच्या कठड्याला पाय लावला आणि सगळ्या अंगानं ओढलं. दार भिंत असल्यासारखं जागच्या जागी होतं. काचेपलीकडे तोंडं हलत होती, पण भोंग्यापुढे एक शब्द ऐकू येत नव्हता.

अर्ध्या मिनिटानं वॉचमननं भोंगा बंद केला. बायका हसत माघारी फिरल्या आणि डबे काढायला गेल्या. एकीलाही नवल वाटलं नव्हतं. तनुजाला भीती वाटली ती त्याचीच.

ती वळसा घालून हॉलमध्ये आली. जिचा तळवा काचेवर दाबला गेला होता त्या दुर्गाबाई, बीडकडच्या, हॉलमधल्या सगळ्यांत जुन्या. भाकरी सोडता सोडता म्हणाल्या, "ते दार उघडत नसतंय ताई. आमी तीन-साडेतीन वर्षं झाली इथं शिवायलोत, एकदाबी उघडलं न्हाई. तुमी कशाला जीव काढायलाव?"

तनुजानं शिडी लावली आणि दाराच्या वरची पेटी उघडली. फायर पॅनलकडून आलेल्या दोन वायरी तोडून मागे दुमडल्या होत्या. कुलपाला बॅटरीची वीज थेट दिलेली होती. हिरवी डबीही नुसतीच भिंतीवर, तिच्या मागे काही जोडलेलंच नव्हतं. अलार्म वाजो, वीज जावो, बॅटरीत जीव आहे तोवर हे कुलूप सुटणार नव्हतं.

जिथं थेट जोड मारला होता तिथली टेप तिनं नखानं सोडवली. टेपखाली मेणाचा दोरा गुंडाळलेला होता. सात वेढे आणि दुहेरी गाठ.

तिनं गाठीवरून बोट फिरवलं. "टेप उन्हाळ्यात सुटते, दोरा सुटत नाही," असं म्हणत अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच माणूस जोडावर मेणाचा दोरा बांधायचा. दुसरी ती स्वतः. आणि हा जोड तिनं मारलेला नव्हता.

हिंदुराव खाली ऑफिसात बसले होते. मूळ इथल्याच गावचे, कंपनीची जमीन एके काळी त्यांच्याच भावकीची. ते ओरडले नाहीत. तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"त्या दारानं माल जायचा, पोरी," ते म्हणाले. "कव्हरांचे गठ्ठेच्या गठ्ठे. भोंगा वाजवायचा, दार उघडायचं, खाली रिक्षा उभी. मग काय करावं आमी? दार बंद केलं, चोरी बंद झाली. तीन वर्षं झाली, काय झालं का? काय बी न्हाई."

"साहेब, बाजूला फोमचं गोदाम आहे. ते पेटलं तर बोळातली दारं मिटणार. मीच तशी बसवलीत. मग त्या साठ बायकांनी जायचं कुठून?"

"पेटंल कशाला?"

हिंदुरावांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"हे बघ, शनिवारी, सुट्टीच्या दिशी, तपासणीला मानसं येणार हायत. शुक्रवारी तू जोडून दे, सोमवारी परत काढ. ज्ञानदेव असंच करायचा. दर वर्षी. आन् सगळी दारं चालतात असा सहीचा कागद आजच दे, म्हंजी माझं काम हातावेगळं व्हईल."

"मी आत्ता जोडते. दहा मिनिटांचं काम आहे."

"त्या दाराला हात लावायचा न्हाई," हिंदुराव म्हणाले. आवाज तसाच मऊ होता. "लावलास तर वॉचमनला सांगून तुला गेटाबाहेर काढावं लागंल. मला बरं वाटनार न्हाई ते."

ती उठली. सही केली नाही. स्कूटर काढली आणि मोशी, भोसरीच्या गर्दीतून वाट काढत तडक कासारवाडीला आली.

ज्ञानदेवकाका रेल्वे स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. ती आली तेव्हा दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते, तरी बशी खडखडत होती.

"सात वेढे, दुहेरी गाठ," तनुजा दारातूनच म्हणाली. "चाकणला, कव्हरवाल्यांच्या मागच्या दारावर."

काकांनी कप खाली ठेवला.

"आठ दिवसांसाठी म्हणाले होते," ते म्हणाले. "चोर सापडला की लगेच जोडू. मी म्हणालो, लिहून द्या. ते म्हणाले, ज्ञानदेवराव, विश्वास नाही का? गिऱ्हाईक जुनं. आठ दिवसांनी फोन केला, तर म्हणाले थांबा. मग महिन्यानं केला. मग... मग मी करायचाच सोडला, तनु."

"आणि दर वर्षी सही?"

"दर वर्षी."

"मला तुम्ही शिकवलंत काका. दोन्ही चुंबकं सुटली पाहिजेत, हे तुम्हीच..."

"मला माहीत होतं म्हणूनच मला ते इतकं चांगलं बंद करता आलं," काका म्हणाले. मग हात मांडीखाली दाबून धरले, थरथर दिसू नये म्हणून. "अजून एक सांगायचंय. हे एकच दार नाही."

खोलीत पंखा फिरत होता. स्टेशनात गाडी येऊन थांबली, सुटली.

"किती?"

"एकानं दुसऱ्याला सांगितलं. ज्ञानदेव करून देतो म्हणून." त्यांनी बोटं मोजायला हात वर काढला, पण बोटं एका जागी राहत नव्हती. "नऊ. नऊ असतील."

तनुजाला त्यांच्यावर ओरडायचं होतं. हत्यारांची पिशवी तिथंच टाकून निघून जायचं होतं. तिच्या डोळ्यांपुढे काचेवरचा तो पांढरा तळवा आला. ती म्हणाली, "चपला घाला. माझ्या मागे बसा."

ते परत पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. गेटवरचा वॉचमन काकांना ओळखत होता. त्यानं रामराम घातला आणि सोडलं. काका बोळातून गेले, फोमच्या गोदामापाशी क्षणभर थांबले आणि हॉलमध्ये शिरले. साठ मशीनांची घरघर चालू होती. त्यांनी भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला.

एकदम शांतता झाली. बायकांनी माना वर केल्या.

"मी ज्ञानदेव," काका म्हणाले. आवाज बारीक होता, तरी शेवटपर्यंत पोचला. "हे मागचं दार मी बंद केलंय. तीन वर्षांपूर्वी. हिंदुराव साहेबांच्या सांगण्यावरून, पण हात माझे. बाहेर आग लागली तर हे दार उघडणार नाही. तुम्ही कितीही ढकललं तरी नाही. ती हिरवी डबी खोटी आहे. दर वर्षी मी कागदावर लिहून दिलं की दार उघडतं. ते खोटं होतं."

दुर्गाबाई हळूहळू उठल्या. दारापाशी गेल्या, डबी दाबली, दाराकडे पाहिलं. जेवताना हसण्यावारी नेलेलं तेच दार होतं. आता त्यांचा चेहरा वेगळाच झाला.

"म्हंजी सकाळी आमाला ह्या दारानं बंद केलतं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग वळून मोठ्यानं, "चला गं. उठा. पर्सा घ्या."

एकेक करून सगळ्या उठल्या. हिंदुराव पुढच्या जिन्यानं वर येईपर्यंत हॉल रिकामा होऊन बायका आवारात सावलीला जाऊन बसल्या होत्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. दुर्गाबाईंनी एवढंच सांगितलं, "दार उघडलं की येतो."

हिंदुराव काकांसमोर उभे राहिले. "ज्ञानदेव, हे काय केलंस? आपली किती वर्सांची वळख."

"म्हणूनच तर झालं हे सगळं," काका म्हणाले.

संध्याकाळचा ट्रक भरायचा होता. पाऊण तास हिंदुरावांनी कळ काढली, दोन-तीन फोन केले, मग तनुजाला नुसतीच मान हलवून खूण केली. तिनं शिडी लावली, दोरा कापला, पॅनलच्या वायरी जागेवर आणल्या, डबी जोडली. भोंगा पुन्हा वाजवला. वर टक् असा बारीक आवाज झाला आणि दार दुर्गाबाईंच्या एका बोटानं उघडलं. त्यांनी ते तीन वेळा करून पाहिलं.

त्या दिवशी तनुजाला वाटलं, निभावलं. पण पुढचे दिवस तसे गेले नाहीत.

काकांना आठ जागा एकेक करत आठवल्या. चाकणची ही कंपनी धरून पाच ठिकाणी तिनं दारं सोडवली. कुठं गोडीनं, कुठं पत्र हातात ठेवून पोच घेऊन. एक कंपनी बंद पडली होती, एकीनं सगळी यंत्रणाच नवीन घातली होती. आठव्या गेटवर त्यांना आत घेतलं नाही. तिनं अग्निशमन खात्याकडे आणि कारखाना निरीक्षकांकडे लेखी अर्ज दिला, रोज खेटे घातले, तेव्हा बाराव्या दिवशी ते दार सुटलं. तोवर 'ही बाई कंपन्यांच्या तक्रारी करते' हे गावभर झालं होतं. चार गिऱ्हाइकांनी फोन उचलणं सोडलं.

नववी जागा मात्र आठवेना. "छोटी शेड होती," काका सांगायचे. "चार पायऱ्या उतरून जायचं. दार पिवळं. थिनरचा वास." नाव नाही, रस्ता नाही. औषधानं त्यांना झोप यायची आणि जागे झाले की आधी आठवलेलंही विस्कटायचं. तनुजा त्यांना मागे बसवून कुरुळी, निघोजे, मोई सगळं फिरली. शेडमागून शेड, सारख्याच पत्र्यांच्या, सारख्याच निळ्या गेटांच्या. काका प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी म्हणायचे, "थांब... नाही. ही नाही." एकदा एका पिवळ्या दारापाशी ते रडायलाच लागले. ते शौचालयाचं दार निघालं. रात्री पुनावळ्यात आपल्या खोलीवर गेल्यावरही तिला झोपेत पिवळी दारं दिसायची, आणि प्रत्येकाच्या आत कुणीतरी उभं असायचं.

चाकणचं दार सुटल्यापासून एकविसाव्या दिवशी, भर दुपारी, ती भोसरीत काम करत असताना उत्तरेला धूर दिसला. काळा, जाड, सरळ वर चढणारा. चाकणकडे धूर नवा नव्हता, कचरासुद्धा असाच जळतो. पण तिनं हातातली पक्कड खाली ठेवली. ती धुराच्या दिशेनं निघाली.

कुरुळीच्या पुढच्या एका गल्लीत बंब उभे होते. बघ्यांची गर्दी, रुग्णवाहिका, पाण्याचे लोट. पत्र्याची छोटी शेड. गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग रंगवायचं काम चालायचं तिथं. त्या गल्लीतून ती काकांना घेऊन दोनदा गेली होती. शेडच्या पुढच्या अंगाला नवीन पत्रा मारला होता, त्यामुळे पायऱ्या रस्त्यावरून दिसत नव्हत्या. पाणी मारून मारून आता तो पत्रा खाली आला होता. मागे चार पायऱ्या होत्या. खाली दार. रंग पोळून फुगला होता, तरी पिवळा ओळखू येत होता.

आत सतराजण होते. पंधराजण खिडकीची जाळी तोडून निघाले. दोघी दारापाशी थांबल्या होत्या, कारण दार जवळ होतं. त्या धुरानं गेल्या.

संध्याकाळी पंचनामा चालू असताना अग्निशमनचा एक जवान पायरीवर बसून बूट काढत होता. तनुजानं त्याला दाराचं विचारलं.

"दुपारी घणानं ठोकलं ताई," तो म्हणाला. "आम्ही चौघं होतो. इंचभर हललं नाही. शेवटी पत्रा कापून आत गेलो. आणि आत्ता पंचनाम्याला साहेबांनी नुसता हात लावला, तर उघडलं. आपोआप. कळत नाही काय भानगड आहे."

बॅटरी संपली होती. भानगड एवढीच होती. तनुजाला ते सांगता आलं नाही.

काकांना तिनं त्याच रात्री सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे बघत ऐकत राहिले. त्या दोघींची नावं विचारली. जयमाला आणि विजयश्री. एक वाशिमची, एक इथलीच. नावं त्यांनी दोनदा म्हटली, विसरायची नाहीत म्हणून. मग म्हणाले, "उद्या मला चौकीवर ने."

चौकीत फौजदार तरुण होता. त्यानं काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. काका सुरुवातीपासून बोलले. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कुठली वायर कुठं जोडली. कुणावर ढकललं नाही, कुणाला वगळलंही नाही. फौजदार लिहीत होता. जळालेल्या शेडच्या मालकाला सकाळीच उचललं होतं, तो म्हणत होता की दाराचं त्याला काही ठाऊकच नाही.

"म्हणजे एकूण किती ठिकाणी असं केलंत आजोबा?"

"नऊ," तनुजा म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. फौजदारानं नऊ लिहिलं.

"तिला मी नऊ सांगितलं," काका मग म्हणाले. "काल रात्रभर मोजतोय. त्या पिवळ्या दाराच्या आधी एक होतं. का नंतर? जिना होता... वर जायचा. साहेब, दहा असतील. दहाच्या वरही असतील. मला खरंच सांगता येत नाही."

फौजदाराचं पेन थांबलं.

काकांना त्या दिवशी घरी सोडलं नाही. तनुजा बाहेर आली तेव्हा ऊन कडक होतं आणि समोरच्या रस्त्यानं दुपारच्या शिफ्टच्या बसगाड्या माणसं भरभरून चाकणकडे चालल्या होत्या. ती स्कूटरवर बसून थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. वीस वर्षांत काकांनी जिथं जिथं शिडी लावली असेल, ती प्रत्येक जागा आता पालथी घालायची होती. कुणी बोलावलेलं नसताना, कुणी पैसे देणार नसताना. आणि त्यातलं निदान एक दार या घडीलाही बंद होतं. ते कुठलं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

तिनं स्कूटर सुरू केली आणि एका बसच्या मागोमाग गेली. बस ज्या गेटात वळली त्याच गेटावर ती थांबली. वॉचमननं विचारलं, "काय काम आहे?"

"दारं बघायचीत," ती म्हणाली. "सगळी."